बाबांशिवाय हुतात्मा चौक

आज १७ जानेवारी. सकाळी लेकीला घेऊन बेळगावच्या हुतात्मा चौकात जाऊन आले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

१९५६ साली याच दिवशी, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घालायच्या निर्णयाविरुद्ध, ते महाराष्ट्रात यावं म्हणून रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला. निपाणीत कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. बाबा दरवर्षी हे सगळं आम्हाला सांगायचे, पाठ असलं तरी परत सांगायचे. आज लेकीला सांगताना मधेच आवाज बसला. पुढचं सांगायला बाबाच हवे होते.

बाबा बेळगावच्याच शहापुरात मागावर बसायचे. १७ जानेवारीला मात्र सकाळी माग बंद. धुतलेला सदरा, कागदात गुंडाळलेली फुलं, आणि माझं बोट धरलेला तो हात. तुटलेला धागा जोडताना दोन बोटांत असा काही पीळ द्यायचे की गाठ कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं नाही. साडीवरून हात फिरवला तरी लागायचं नाही. तसे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हेच बाबा रविवार पेठेत गेले की व्यापाऱ्यांशी झकास कन्नडमध्ये बोलायचे. "भांडण निर्णयाशी गं पोरी, शेजाऱ्याशी न्हवे," म्हणायचे. ते आजारी होते तेव्हा रात्र रात्र उशाशी बसल्या त्या आमच्या शेजारच्या कन्नड अक्काच. आज चौकातून परतताना त्यांच्याकडेच गेलो. बाबांचा विषय निघाला आणि आम्ही दोघीही रडलो.