पंख्याची परीक्षा

न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या उत्तर भागातल्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वस्ती मुख्यतः डॉमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेल्यांची. दिवसभर राबून आलेल्यांपुढे व्याकरणाचे तक्ते धरले की ते पेंगतात, म्हणून एका शुक्रवारी पडद्यावर चित्रं लावली. चित्रकर्त्या मुद्दाम त्यांच्यासारख्याच कॅरिबियन मुळांच्या निवडल्या होत्या. जे वाटेल ते बोला, फक्त इंग्रजीत, एवढीच अट.

पहिलं चित्र क्यूबन मुळांच्या हार्मोनिया रोझालेसचं, 2017 सालचं. मायकेलँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर रंगवलेले देव आणि आदम, दोघांच्याही जागी काळ्या बायका. मागे बसलेल्या आजींनी क्रूसाची खूण केली. ‘देवाची थट्टा!’ शेजारची पोरगी म्हणाली, ‘आणि गोरा म्हातारा काढला, ती थट्टा नाही?’ तास इंग्रजीचा होता, भांडण स्पॅनिशमध्ये रंगलं. मी रंगू दिलं.

मग फिरेले बाएझ. जन्म 1981, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तियागोचा. ती सिग्वापा रंगवते. सिग्वापा म्हणजे रानात राहणारी, उलट्या पावलांची बाई. आपल्या हडळीची पावलंही उलटीच, हे मी सांगितल्यावर वर्गात माझी पत जरा वाढली.

बाएझची 2011 सालची एक मालिका मात्र वेगळी आहे. महिनाभर रोज स्वतःची एक छायाकृती. नाक-तोंड काही नाही, फक्त डोळे, त्वचेचा रंग आणि त्या दिवशीचे केस. संदर्भ दोन परीक्षांचा. अमेरिकेत काळ्यांच्याच काही क्लबांत तपकिरी कागदी पिशवीहून गडद माणसाला प्रवेश नसे. डॉमिनिकन परीक्षा पंख्यासमोरची: केस उडाले तर पास, कुरळे केस जागचे हलले नाहीत तर नापास. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ वाचत वाढलेल्या मला हे समजावून सांगायची फार हौस होती.

तोवर सलॉनमध्ये काम करणारी एक बाई उठून पडद्यापाशी गेलीसुद्धा. एकेका डोक्यावर बोट ठेवत म्हणाली, ‘हे आज धुतलेले. इथे हवा दमट, मुळं फुगलीत. ही रात्री रोलर न लावता झोपली.’ आम्ही सगळे ज्यात वर्णभेद शोधत होतो, ते ती कामाच्या वहीसारखं वाचत होती. मग वळून म्हणाली, ‘टीचर, रोलर, ड्रायर, ब्रश, सगळं झालं की गिऱ्हाईक आरशात बघत मान हलवतं. केस हलले तरच खूश. म्हणजे ही परीक्षा मी रोज घेते. वर टिपही मिळते.’

वर्ग हसला. ती हसली नाही.

शेवटी सगळ्यांकडून दोन-चार ओळी लिहून घेतल्या. तिच्या कागदावर होतं: तिने केस धुतले. रोलर लावले नाहीत. पाऊस पडला. भूतकाळाची तिन्ही वाक्यं बिनचूक, नकारार्थीसकट, जिथे हमखास सगळे घसरतात.

आजींनी कागद कोरा दिला. दारातून मात्र बजावून गेल्या, पुढच्या शुक्रवारी चित्र त्या आणणार, आणि त्यात देव देवासारखा दिसणार.