मार्ग जुनाच ना?

२०२५ साली तिथीप्रमाणे शिवजयंती १७ मार्चला, म्हणजे ऐन रमजानात आली. मंडळाचा सचिव म्हणून मिरवणुकीचा अर्ज घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा हवालदारांनी डीजेविषयी काहीही न विचारता पहिला प्रश्न केला, "मार्ग जुनाच ना?"

नवी प्रथा पडू द्यायची नाही, हा पोलिसांचा शिरस्ता आहे. त्याची दुसरी बाजू मला मंडळाच्या बैठकीत कळली. मशिदीसमोरचा चौक वगळून मागच्या गल्लीने जावे, असे मी सुचवले होते. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली, तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती मादन आयोगाला तिची चौकशी करावी लागली, हेही मी सांगितले. त्यावर आमचे अण्णा शांतपणे म्हणाले, "यंदा चौक सोडलास की पुढच्या वर्षी गल्ली हाच जुना मार्ग होईल. मग चौक मागायला गेलास, तर ती नवी प्रथा ठरेल. चालेल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मिरवणुकांवर बंदी घालावी, असे मला कधीच वाटले नाही. पण माणसे मार्गाला एवढी का चिकटून बसतात, हे मला त्या दिवशी उमगले.

शेवटी आम्ही मार्ग तोच ठेवून वेळ बदलली. पावणेसातच्या इफ्तारपूर्वी चौक ओलांडता यावा म्हणून सहाऐवजी चार वाजता निघायचे आणि मिठाईच्या दुकानापासून विजेच्या डीपीपर्यंत वाद्ये बंद ठेवायची, असे ठरले. मशिदीच्या विश्वस्तांनी शांतता समितीत ते मान्य केले. अर्जात मी "हा बदल यंदापुरता" असे ठळक अक्षरांत लिहिले. तरीही परवानगीसोबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती नोटीस हाती पडलीच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून सगळे तिला अजून एकशे एकोणपन्नासचीच म्हणतात.

सहाला दहा कमी असताना आम्ही चौकात पोहोचलो. ताशेवाल्यांनी काड्या काखेत धरल्या आणि एरवी कधी ऐकू न येणारे घोड्याच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येऊ लागले. समोर इफ्तारसाठी कलिंगडाच्या फोडी करणारा माणूस सुरी थांबवून आमच्याकडे पाहत होता. मागून एका पोराने न ठरलेली घोषणा सुरू केली. अण्णांनी वळून नुसते पाहिले, तसा तो गप्प झाला. ते अंतर पार करायला चार मिनिटेही लागली नसतील.

मिरवणूक संपवून घरी पोहोचेपर्यंत नागपूरच्या महाल भागातल्या दंगलीची दृश्ये सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती.

यंदा पुन्हा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा हवालदारांनी गेल्या वर्षीची फाइल उघडली आणि मला न विचारताच रकान्यात लिहिले, "मार्ग व वेळ प्रथेप्रमाणे." "यंदापुरता" हा माझा शब्द त्याच पानावर होता. मी तो दाखवला नाही. सही करून निघालो.