मुंबईच्या फोर्टमध्ये ओरिएंटियरिंग शिकताना – माझा अनुभव

दिवाळीनंतर मंदारने ग्रुपवर टाकलं की ओरिएंटियरिंग करूया का. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र, नकाशावर गोल केलेले कंट्रोल, म्हणजे ठरवून दिलेली ठिकाणं, दिलेल्या क्रमानेच गाठायचे, मधली वाट आपण ठरवायची. खेळ मूळचा नॉर्वे-स्वीडनकडचा, पहिली खुली स्पर्धा नॉर्वेत १८९७ ला झाली, आणि तिकडे तो जंगलात खेळतात. नॅशनल पार्कात आपल्याला असं वाट सोडून फिरता येत नाही आणि बिबट्यांच्या घरात फिरूही नये, म्हणून आम्ही शहरच धरलं. रविवारी सकाळी सातला फोर्ट एवढा शांत असतो की रस्ता ओलांडताना कोणी हॉर्न पण मारत नाही.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून काढला, १:४००० चा, म्हणजे कागदावर एक सेंटीमीटर तर जमिनीवर ४० मीटर. त्रिकोण म्हणजे स्टार्ट, दोन गोल एकात एक म्हणजे फिनिश. खऱ्या स्पर्धेत कंट्रोलवर केशरी-पांढरे झेंडे असतात, पण फोर्टात बेवारस वस्तू टांगून ठेवणं बरोबर नाही, म्हणून मॅपरन ॲप घेतलं, फोन खिशात ठेवायचा आणि कंट्रोलजवळ पोचलं की तो बीप करतो. चालताना अंतर कळावं म्हणून आदल्या आठवड्यात मैदानातल्या ट्रॅकच्या १०० मीटरवर पावलं मोजून ठेवली होती, माझी ६६ जोडपावलं (दोन पावलं मिळून एक) भरली.

स्टार्ट हुतात्मा चौकात. पहिला कंट्रोल सेंट थॉमस कॅथेड्रल, दुसरा एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, दोन्ही सरळ रस्त्यावर त्यामुळे पटापट झाले. तिसरा होता लायन गेट. पायऱ्यांकडे पाठ करून आम्ही उभे, नकाशा मात्र पुस्तकासारखा, उत्तर वर धरून. लायन गेट कागदावर खाली, मग आता डावीकडे की उजवीकडे? मी उजवीकडे म्हटलं आणि सगळे निघालो, मी पावलं मोजत होते, गप्पा मारत होतो, आणि ११० व्या जोडपावलाला श्वेता थांबली, "अगं, ही रिझर्व्ह बँकेची बिल्डिंग ना? मग आपण जीपीओकडे चाललोय!" बरोबर उलट्या दिशेला.

तिथेच फूटपाथवर बसलो. मंदारने कागद जमिनीला समांतर धरला आणि कागदावरचा रस्ता समोरच्या रस्त्याशी जुळेपर्यंत नुसता फिरवला. नकाशावरची अक्षरं उलटी झाली, पण डावं डावीकडे आलं, उजवं उजवीकडे आलं, आणि दक्षिणेकडे तोंड केल्यावर लायन गेट समोर नाकासमोर दिसायला लागलं. मला ते बघून खरंच अंगावर काटा आला, इतकी वर्षं गूगल मॅपमध्ये नकाशा आपोआप फिरत होता म्हणून आपल्याला हे कधी करावंच लागलं नाही. त्यानंतर प्रत्येक वळणावर आपण वळलो की नकाशा तेवढाच विरुद्ध दिशेने फिरवायचा आणि आपण आहोत तिथे अंगठा ठेवून चालायचं, हा नियमच केला.

होकायंत्राचं एक लक्षात ठेवा, पार्क केलेल्या गाडीजवळ किंवा लोखंडी रेलिंगला टेकून बघू नका. माझी सुई एका बाइकशेजारी चक्क पंचवीसेक अंश सरकली, चार पावलं बाजूला गेले की परत जाग्यावर. मंदार म्हणाला की कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा याच भानगडीमुळे १९०४ मध्ये अलिबागला गेली, मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे नोंदी बिघडल्या असत्या. हे ऐकल्यापासून हातातल्या त्या छोट्याशा सुईबद्दल मला फार आदर वाटतो.

पहिल्या रविवारी आठ कंट्रोलला एक तास पंचवीस मिनिटं लागली, तिसऱ्या रविवारी अठ्ठावन्न. उंच इमारतींच्या गल्लीत फोनचं जीपीएस अडखळतं म्हणून बीप उशिरा होतो, तिथे थोडं थांबायचं, पळत सुटायचं नाही. नवीन असाल तर दोन-तीन जण मिळून जा आणि नकाशा आळीपाळीने धरा, कारण मागून येणारा माणूस काहीच शिकत नाही, श्वेता पहिल्या दिवशी हेच म्हणत होती आणि तिचं खरं होतं.

पुढच्या रविवारी ओव्हल मैदान जोडून बारा कंट्रोल करतोय. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत परतीची लोकल पकडायची म्हणून साडेसहालाच सीएसएमटीला भेटतोय, यावेळी श्वेताची आई पण येतेय, आणि पहिला नकाशा काकूंच्या हातात द्यायचं ठरलंय.