शून्य गुणांचे आजोबा

इंग्लंडमधल्या लीड्सला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकतेय. इथं पदवीच्या ३ वर्षांत २३०० तास पेशंटजवळच्या कामाचे भरावे लागतात. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘अभ्यास अवघड आहे का गं?’ पाठांतर अवघड नाही. अवघड काय आहे, ते सांगते.

लातूरच्या ट्यूशन एरियात मी दोन वर्षं काढली. नीटचे १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. प्रश्न वाचून होईपर्यंत पेन गोलावर टेकलं पाहिजे, ही सवय तिथं लागली. त्या मेहनतीला मी कधीच नावं ठेवणार नाही. औशापुढच्या खेड्यातली मुलगी तिच्याच जोरावर इथवर आली. पण चार पर्यायांत उत्तर असतंच, हेही तिथंच मनात पक्कं बसलं.

इथल्या दवाखान्यांत ‘न्यूज टू’ नावाचा तक्ता वापरतात, २०१७ पासूनचा. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना गुण द्यायचे; ठीक असेल तर शून्य, जितकं बिघडलेलं तितके जास्त. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं. सरावाच्या खोलीत पुतळा निजवलेला, ७४ वर्षांचे आजोबा, कालच खुब्याचं ऑपरेशन झालेले. श्वास १८, ऑक्सिजन ९६, वरचा बीपी ११२, नाडी ८४, ताप नाही. बेरीज शून्य. मी शून्य लिहिलं आणि बाजूला झाले.

मॅडम चूक म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, “यांचा एरवीचा बीपी किती?”

मी फाईल उलटली. १६०. म्हणजे ११२ हा यांच्यासाठी फारच खाली. खाली रोजची गोळी, बायसोप्रोलॉल. माझे हात गार पडले. अंगात कुठं रक्त वाहत असलं की नाडी धावते, पण ही गोळी तिला धावू देत नाही. गोळीची माहिती मला तोंडपाठ होती, परीक्षेत आली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते. समोरच्या आजोबांशी ती जोडावी, हे मात्र सुचलं नाही. तक्ताही बरोबर होता, बेरीजही. आजोबा आतून रिकामे होत होते.

माझी आत्येबहीण लातूरलाच बीएस्सी नर्सिंग करते. हे सगळं मी तिला त्याच रात्री सांगितलं. परवा तिचा फोन आला.

“ताई, वॉर्डात एक मावशी आल्यात. बीपी १०४. एरवीचा किती, कुणालाच माहीत नाही. आजवर कुणी मोजलाच नाही.”

“मग?”

“सुनेला विचारलं, एरवी कशा असतात? ती म्हणाली, पहाटे चारला उठून गोठा झाडतात, आज दिवस वर आला तरी डोळे उघडेनात. मी ते तसंच्या तसं सिस्टरना सांगितलं.”

सिस्टर हातातलं रजिस्टर ठेवून लगेच बेडपाशी गेल्या.