बीटलचं १६०० इंजिन: नवतप्याच्या तोंडावर

मंडळी, माझ्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन उघडून नव्यानं जुळवतोय. मागच्या वेळी केस, म्हणजे क्रँक बसतो ते बाहेरचं कवच, लाइन बोअरला (बेअरिंगची घरं एका रेषेत कोरायला) दिली होती, तिथून पुढं.

केस परत आली. मधल्या मेन बेअरिंगचं घर मार खाऊन खाऊन मोठं होतं, हे मॅग्नेशियमच्या केसचं जुनंच दुखणं. आता ०.५० मिमी ओव्हरसाइझ बेअरिंग बसतील असा बोअर झालाय आणि तो छान झालाय. पण त्याच लेथवर हेड स्टडच्या भोकांत केस सेव्हर (आट्यांच्या पोलादी बुशी) बसवून घेतले, त्यातला एक तिरपा गेला. घरी स्टड हातानं फिरवून गुण्या लावला तेव्हा दिसलं. परत गेलो तर उत्तर मिळालं, "भाऊ, एवढं चालून जाते." नाही चालत. दुसऱ्याकडून काढून नवा घातला. अकरा दिवस गेले आणि वर पैसेही.

मग क्रँकचा एंड प्ले, म्हणजे त्याची पुढं-मागं सरकायची मोकळीक. नवीन करणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण घाई करणारे इथंच फसतात. ऑइल सील अजून बसवायचं नाही. फ्लायव्हीलमागं दोनच शिम (पातळ चकत्या) घालायच्या, नट आवळायचा, डायल गेज लावून क्रँक पुढं-मागं ढकलायचा. माझं माप आलं ०.४६ मिमी. हवंय ०.०७ ते ०.१३ च्या दरम्यान. मी ०.१० धरलं, म्हणजे तिसरी शिम ०.३६ ची, आणि तेवढी मिळतेही. शिम तीनच हव्यात. दोनच जाड शिममध्ये भागवलेलं एक इंजिन मी उघडलंय, आतलं काय झालं होतं ते विचारू नका.

फ्लायव्हीलच्या नटला ३५ किलोग्रॅम-मीटर टॉर्क लागतो. एवढा मोठा टॉर्क रेंच माझ्याकडं नाही. ३६ चा सॉकेट, त्यावर चार फुटांचा पाइप. हिशेब केला तर टोकाला साधारण २९ किलो वजन पाहिजे. पुतण्याला धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं, भरला २९ किलो २००. पाइप आडवा करून त्याला टोकाला लटकवला. "काका, अजून किती वेळ?" असं तो विचारेपर्यंत नट जागचा हलायचा थांबला होता. वहिनींना यातलं काही माहीत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही सगळे विचारताय ते. "१७७६ सीसी काहून नाही केलं? पॉवर कित्ती येईन?" ९०.५ मिमीचे बॅरल घालायचे तर केस आणि हेड दोन्ही कोरावी लागतात. केस न कोरता बसणारे ८८ चे मिळतात, पण त्यांची भिंत पातळ, तापली की गोलाई सोडते. मी मूळचे ८५.५ ठेवले, १५८४ सीसी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि या इंजिनाला थंड करायला तीच हवा आहे. फॉर्म्युला व्ही नावाच्या शर्यतींमध्ये १९६३ पासून बीटलचं १२०० इंजिन जवळपास आहे तसंच पळवतात. तिथं जिंकतो तो जुळणीतल्या नेमकेपणावर.

हेडचे चेंबर सिरिंजनं मोजले आणि चारही ५० सीसीला आणले. डेक (पिस्टनचा माथा ते बॅरलची कड हे अंतर) १ मिमी होता, बॅरलखाली अर्ध्या मिमीची शिम घालून १.५ केला. कॉम्प्रेशन ७.८ च्या आसपास बसतं, साध्या पेट्रोलवर निभावेल.

खरा वेळ गेला तो इंजिनाभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्यांवर. पंख्याच्या जुन्या पत्र्याच्या कवचात ऑइल कूलर हवेच्या वाटेतच उभा असायचा, त्यामुळं तिसऱ्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळायची. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीनं कूलर मागं सरकवून त्याला वेगळी वाट दिली, सोबत पंखाही रुंद केला. मी तोच संच घातलाय. आधीच्या मालकानं बॅरलखालचे छोटे पत्रे भंगारात घातले होते, ते मापं घेऊन इतवारी बाजारातून पत्रा आणून वाकवले. हेडच्या फिनांमध्ये ओतकामाचा मळ राहतो, तोही पाहा. हॅकसॉचं पान घालून तासून काढला, तर एका फटीतून पलीकडचा उजेड पहिल्यांदाच दिसला.

आणि इंजिनाच्या कडेनं फिरणारी रबरी पट्टी! आपल्याला हे समजवायला नको. कूलर खिडकीत तोंड बाहेर करून लावला तर खोली गार, तोच खोलीत ठेवून दारं लावली तर तासाभरात अंग चिकट. इथंही तसंच. पत्र्याच्या वर थंड हवा, खाली तापलेली. पट्टी फाटली की पंखा स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. माझी तीन ठिकाणी फाटलेली होती, आणि मी दोन वर्षं कार्ब्युरेटरला शिव्या घालत होतो.

तिसऱ्या प्लगखाली तापमानाचा सेन्सर लावलाय. कॅम नवा आहे, त्यामुळं पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या खाली येऊ द्यायचं नाही. रविवारी पहाटे पाचला सुरू करणार, शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय.