फराळाचा डबा, हायवे सिक्स आणि आमच्या शाळेचा तो मुलगा

ऑक्टोबरातली ही ट्रिप, लिहायला आत्ता सवड मिळाली. भाचा कॉलेज स्टेशनला टेक्सस ए अँड एम मध्ये एमएस करतोय, दिवाळी तोंडावर आली होती, त्याला फराळ पोचवायचा होता. आणि शेजारच्या आजोबांकडे त्याच शनिवारचं, म्हणजे २६ ऑक्टोबर २०२४ चं एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्धच्या फुटबॉल मॅचचं एक तिकीट जास्तीचं होतं कारण आजींचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. आजोबा म्हणजे ए अँड एमचेच क्लास ऑफ ७७, बोटात अ‍ॅगी रिंग (ए अँड एमवाल्यांना अ‍ॅगी म्हणतात), बाराही महिने कॉलेजच्या मरून रंगाची टोपी. त्यांना आम्ही सगळे आजोबाच म्हणतो, माझ्या मुलीने शिकवलाय त्यांना तो शब्द.

पण सुरुवात शुक्रवारपासून करायला हवी.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे शुक्रवारची रात्र शाळेच्या फुटबॉलची (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे), शनिवार कॉलेजचा, रविवार डॅलसच्या व्यावसायिक संघाचा, काउबॉइजचा. माझी मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते म्हणून आम्ही जायला लागलो, नाहीतर हा खेळ मला पहिली दोन वर्षं अजिबात कळला नव्हता. जवळच अ‍ॅलनच्या शाळेचं स्टेडियम आहे, २०१२ साली सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून बांधलेलं, १८ हजार लोक बसतात, एका शाळेचं! दोनच वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद करावं लागलं, दुरुस्त करून परत उघडलं. मी कोल्हापूरची, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या आपल्या फुटबॉलच्या मॅचेस पाहिलेल्या, त्यामुळे गावच्या गाव पोरांच्या खेळासाठी लोटतं हे मला नवीन नाही. यंदा कुठला खेळाडू कुठल्या तालमीकडून उतरणार यावर पेठेत चहाच्या टपरीवर तासन् तास चालायचं. इथे तेच चालतं, फक्त मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून.

आमच्या शाळेत त्या वर्षी असा एक मुलगा होता. त्याचं नाव, नंबर, पोझिशन काहीच लिहीत नाही, तो तेव्हा शाळकरी होता. थ्री स्टार. म्हणजे रेटिंगवाल्या कंपन्या मुलांना दोन ते पाच स्टार देतात, फाइव्ह स्टार देशभरात वर्षाला साधारण तीसेकच, आणि लोक ते आकडे पाठ म्हणून दाखवतात. उन्हाळ्यात ह्याने ए अँड एमला कमिट केलं होतं. कमिट म्हणजे नुसता तोंडी शब्द, कागदावर सही डिसेंबरात, तोपर्यंत दुसरे कोच फोन करत राहतात आणि मुलगा फ्लिप होऊ शकतो, म्हणजे मन बदलून दुसरीकडे जाऊ शकतो. तो ४ डिसेंबरला दुसऱ्याच कॉलेजसाठी सही करून मोकळा झाला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्यातच अडकणार नाही. ऑक्टोबरात आम्हाला ते माहीत नव्हतं, फक्त कुजबुज होती.

त्या शुक्रवारी तो छान खेळला. आजोबा नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत, मांडीवर वही. ही वही मी आधी पाहिली नव्हती. १९८४ पासून दर वर्षी कोण कोण मुलं ए अँड एमला येणार त्यांची नावं, गाव, शाळा, सगळं पेन्सिलीने. पेननं का नाही विचारलं तर म्हणाले, मुलं आहेत, त्यांचं मन बदलतं.

शनिवारी सकाळी आठला निघालो. डॅलसमधून खाली आय-३५, मग वेकोच्या अलीकडे वेस्ट नावाचं छोटं गाव, चेक लोकांनी वसवलेलं, तिथे कोलाचे मिळतात, म्हणजे मऊ पावासारखं आणि मध्ये खळगा करून फळाचं गोड सारण. मी खसखशीचा घेतला, इतका आवडला की आणखी दोन घेतले. वेकोला ब्रॅझोस नदीच्या काठावर बेलर विद्यापीठाचं स्टेडियम हायवेवरूनच दिसतं. आजोबा सांगत होते की १९६० साली वेकोत टेक्ससच्या फुटबॉलचं एक वार्षिक सुरू झालं, त्यात राज्यातल्या शाळा-शाळांची माहिती, आणि त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात ते हातात पडलं की सण. पुढे पैसे भरून फोन लावायच्या लाइन आल्या, मिनिटाला पैसे पडायचे आणि पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा की अमक्या मुलाने तमक्या कॉलेजला भेट दिली. आजी बिल बघून ओरडायच्या.

वेकोहून हायवे सिक्स. मार्लिन, हर्न, दोन्ही बाजूंना गवताळ शेतं, गुरं, मध्येच ट्रेन. ह्या रस्त्यावर मी वही चाळली आणि आजोबा गाडी चालवता चालवता बोलत होते.

२०१५ च्या पानावर कायलर मरीचं नाव. अ‍ॅलनचाच मुलगा, त्याच ६ कोटीच्या स्टेडियमवर खेळलेला, २०१२ ते १४ सलग तीन वर्षं शाळेला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलेलं, स्टार्टर म्हणून एकही मॅच हरला नाही. त्याचे वडील केविन मरी ऐंशीच्या दशकात ए अँड एमचेच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारे मुख्य खेळाडू, होते, त्यामुळे पोरगा आला तेव्हा आजोबांना घरचंच लग्न असल्यासारखं वाटलं होतं. एकच सीझन खेळला आणि गेला. २०१८ साली ओक्लाहोमाकडून हाइझमन ट्रॉफी जिंकला, म्हणजे देशातला सर्वोत्तम खेळाडू. नावापुढे आजोबांनी पेन्सिलीने बाण काढून ओक्लाहोमा आणि ट्रॉफीचं साल लिहिलंय. खोडलेलं नाही.

२०२२ चं पान गच्च भरलेलं. तो क्लास, म्हणजे त्या वर्षी भरती झालेल्या मुलांचा गट, रेटिंग सुरू झाल्यापासून सगळ्यात वरचा म्हणून गाजला होता, एवढे फाइव्ह स्टार एका वेळी कुणाकडे आलेच नव्हते. मग सीझन सुरू झाला, १० सप्टेंबरला अ‍ॅपलॅचियन स्टेट नावाच्या कॉलेजकडून घरच्या मैदानावर १७-१४ हरले, आणि शेवटी ५ विजय ७ पराभव. पुढच्या वर्षी कोचला काढलं, त्याच्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचे ठरले. मुलंही पांगली. आमच्या शेजारच्या फ्रिस्कोच्या शाळेतला एव्हन स्ट्युअर्ट ओरेगनला गेला, वॉल्टर नोलन ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात. प्रत्येक नावापुढे बाण, प्रत्येक बाणापुढे कॉलेज. मी विचारलं, राग नाही येत? म्हणाले, मी सतराव्या वर्षी आधी दुसरीकडे जाणार होतो, वडिलांनी शेत विकायचं नाही ठरवलं म्हणून इथे आलो, माझ्या निर्णयावर एक लाख लोक चिडले असते तर मी काय केलं असतं.

ह्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे.

कॉलेज स्टेशनला पोचलो, भाच्याला डबे दिले, चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू, शंकरपाळे. मावशी एवढं कोण खाणार म्हणाला आणि रूममेट्सनी तिथेच अर्धा चिवडा संपवला. शंकरपाळ्यांचा एक डबा माझ्याकडेच राहिला, गाडीत.

काइल फील्ड, म्हणजे ए अँड एमचं स्टेडियम, त्याबद्दल फोटो काही सांगू शकत नाहीत. बसायची क्षमता १,०२,७३३, आणि विद्यार्थी पूर्ण मॅच उभे असतात, बसतच नाहीत. त्याची गोष्ट १९२२ ची. डॅलसच्या मॅचमध्ये जखमी खेळाडू इतके झाले की कोचने प्रेक्षकांच्या बाजूने किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला बोलावलं, त्याने युनिफॉर्म चढवला आणि शेवटपर्यंत उभा राहिला, गरज पडली तर उतरायला. उतरावं लागलं नाही. तेव्हापासून सगळे उभे. त्यांचं गीत सुरू झालं की एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून सगळे डोलतात आणि खरंच, वरचा मजला पायाखाली हलतो, मी आजोबांचा दंड घट्ट पकडला.

मॅचच्या आधी मैदानाच्या कडेला शाळकरी मुलं रांगेत उभी असतात, व्हिजिटला, म्हणजे कॉलेज बघायला आलेली. आमचा मुलगाही होता, आदल्या रात्री खेळून सकाळी आईबरोबर आलेला. आजूबाजूचे लोक दुर्बिणीतून खेळाडू नाही, ती मुलं बघत होते. हा अमक्या शाळेचा, तो हसतोय म्हणजे खूश आहे, ह्याच्या आईने मरून शर्ट घातलाय ते चांगलं लक्षण. एक बाई तर त्या मुलांच्या हातवाऱ्यांवरून कोण कुठे जाणार ते सांगत होती. मला पहिल्यांदा विचित्र वाटलं, मग माझ्या लक्षात आलं की मीही आमच्या मुलाच्या आईच्या शर्टाचा रंग शोधतेय. राखाडी होता.

हाफ टाइमला एलएसयू १७-७ ने पुढे. क्वार्टरबॅक कॉनर वाइगमन, त्याच गाजलेल्या २०२२ च्या क्लासमधला फाइव्ह स्टार, त्याचा दिवसच नव्हता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोच एल्को यांनी त्याला बसवून मार्सेल रीडला आणलं, नॅशव्हिलचा सडपातळ मुलगा, आणि त्याने स्वतः चेंडू घेऊन पळत पळत तीन टचडाउन केले, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला. ३८-२३. माझा घसा बसला. पण मला आठवतोय तो बाकापाशी हेल्मेट काढून उभा असलेला वाइगमन, रीडच्या प्रत्येक टचडाउनला टाळ्या वाजवणारा. आजोबाही त्याच्याकडेच बघत होते. तो पुढे ह्यूस्टनला गेला, वहीत आता तिथेही बाण असेल.

रात्री पार्किंगमध्ये गाड्यांची रांग हलत नव्हती. दोन ओळी पलीकडे तो मुलगा आणि त्याची आई दिसली, ओळख शुक्रवारच्या स्टँडमधली. आई दमलेली, सकाळी सहाला तिची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी आणि पुढे साडेतीन तासांचा रस्ता, सगळी दुकानं गर्दीने भरलेली, मुलाला भूक लागलेली. आजोबांनी टोपी काढली, "काल छान खेळलास" एवढंच म्हणाले. आजची मॅच कशी वाटली, काय ठरवलंस, काही नाही.

मी गाडीतून शंकरपाळ्यांचा डबा काढून आजोबांच्या हातात दिला, त्यांना द्या म्हणून. त्यांनी तो घेतलाच नाही, दोन पावलं मागे सरकले. मला हळू आवाजात समजावलं की ते दर वर्षी कॉलेजला देणगी देतात, म्हणजे नियमाने बूस्टर, आणि बूस्टरने भरतीच्या मुलाला काही द्यायचं नाही, खायचंसुद्धा नाही. १९८७ साली डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाचा अख्खा सीझन रद्द झाला होता, खेळाडूंना लपून पैसे दिले म्हणून, ते त्यांनी जवळून पाहिलंय. मी म्हटलं आजोबा, आता २०२१ पासून मुलांना नाव-चेहरा विकून उघड पैसे घेता येतात, लाखांनी डॉलर फिरतायत, शंकरपाळ्यांचं काय घेऊन बसलात. ते म्हणाले, ते त्यांचं, माझं हे असं.

आणि मग म्हणाले, पण तू अ‍ॅगी नाहीस, तुझी मुलगी त्याच्या शाळेत आहे, तू दे.

मी गेले आणि दिला. मुलाने झाकण उघडून एक तोंडात टाकला, मग मूठभर, आईने एक घेतला आणि हे काय असतं विचारलं, मी मैदा, तूप, साखर, तळलेलं, असं सांगत होते तेवढ्यात रांग हलली. आजोबा गाडीत बसून समोर बघत होते, खिडकीची काच वर केलेली.