फोन असताना हा जुना नकाशा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भिंतीवरचा हा नकाशा कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतराजीतल्या योसेमिटी दरीचा. फ्रान्स्वा मॅथेस यांनी १९०५-०६ मध्ये तिथलं सर्वेक्षण केलं आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं तो छापला. प्रमाण एका इंचाला २,००० फूट. फोनवर बोटाच्या चिमटीत यापेक्षा कितीतरी जास्त तपशील मिळतो, कबूल.

पण यातल्या तपकिरी रेषा कुणीतरी डोंगराकडे बघत काढल्यात. समोच्च रेषेची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषेची, व्याख्या शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली, ती काढतात कशी हे मात्र कुणी दाखवलं नाही. हवाई छायाचित्रं नव्हती तेव्हा तिपाईवर सपाट फळा, त्यावर कागद आणि कागदावर दुर्बीण बसवलेली पट्टी, एवढाच सरंजाम. दोन ठिकाणांहून एकाच सुळक्यावर नेम धरायचा. रेघा जिथे छेदतील तिथे सुळका. उंची कोनावरून काढायची. असे काही बिंदू पक्के झाले की मधला डोंगर नजरेनं वाचून हातानं भरायचा. म्हणजे यातली बरीचशी रेषा हा जाणकाराचा अंदाजच. माझ्या लेखी तीच तिची किंमत!

दरीतला हाफ डोम हा घुमटासारखा डोंगर बघा. पाठीकडून रेषा गोलसर वळत, अंतर राखून चढतात, आणि वायव्येच्या कड्यापाशी एकदम एकमेकींच्या अंगावर येतात. दर ५० फुटांना एक रेषा. दरीतल्याच एल कॅपिटन या दुसऱ्या डोंगराचा कडा सुमारे ३,००० फुटांचा, म्हणजे तिथे साठेक रेषा चिंचोळ्या पट्टीत कोंबायच्या. भिंग लावलं तरी मोजताना डोळे फिरतात. मॅथेस हिमनद्यांनी कोरलेल्या भूरूपांचे अभ्यासक होते. कडा कुठे तासलेला आणि कुठे नुसता झिजलेला, हे त्यांना कळत होतं आणि ते रेषेत उतरलंय, असं मला वाटतं.

चालायला मात्र असला नकाशा नेऊ नका. शंभराहून अधिक वर्षांत होकायंत्र दाखवतं ती चुंबकीय उत्तर सरकली, वाटा बदलल्या. तिथे ताजा नकाशाच हवा.

विकत घ्यायचीही गरज नाही. खात्यानं जुन्या नकाशांच्या स्कॅन प्रती आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवल्यात. पूर्ण आकारात उतरवून घ्या, आणि आधी हाफ डोमच शोधा.